संध्याकाळी सुरात, सकाळी बेसूर: घरी जोडलेल्या ऑसिलेटरचा सूर का टिकत नाही

लक्षण असं असतं. सिंथेसायझरच्या ऑसिलेटरचा, म्हणजे सूर काढणाऱ्या भागाचा, बोर्ड जोडून झालाय, आवाज येतोय. ट्यूनर समोर ठेवून तासभर ट्रिमर (बारीक जुळणीचा स्क्रू) फिरवल्यावर चार सप्तकं नीट लागली आणि तुम्ही खुशीत झोपलात. सकाळी चालू केलं तर वरचे सूर चढलेले, खालचे उतरलेले. पुन्हा लावलं. दुपारी ऊन तापल्यावर उलटा प्रकार: वरचे उतरले, खालचे चढले. हे आठवडाभर चाललं की माणूस ट्रिमरवर संशय घेतो, ट्रिमर बदलतो, आणि नवा ट्रिमरही तसाच वागतो.

मी हे सगळं केलंय. तंबोऱ्याची खुंटी पिळावी तसा पंचवीस फेऱ्यांचा ट्रिमर रोज पिळत होतो. दोष त्याचा नव्हता. जिथे दोष होता तिथे मी दोन महिने बघितलंच नाही, कारण तिथे "सगळं बरोबर लावलंय" अशी माझी पक्की खात्री होती.

हे सगळं व्होल्टेजवर चालणाऱ्या अ‍ॅनलॉग ऑसिलेटरबद्दल, म्हणजे व्हीसीओबद्दल आहे. १ व्होल्टला एक सप्तक या हिशोबाने चालणारा, सुटे भाग हाताने सोल्डर केलेला बोर्ड.

आधी: बोर्ड बोलतच नसेल तर

मग हा लेख तुमच्यासाठी नाही, पण दोन मिनिटांत तीन गोष्टी बघून घ्या. युरोरॅकच्या (मॉड्यूलर सिंथेसायझरच्या एका प्रचलित पद्धतीच्या) रिबन केबलची लाल कड उणे १२ व्होल्टच्या बाजूला असते. ती अधिकच्या बाजूला असावी असं मनाला सहज वाटतं आणि तिथेच बोर्ड जळतात. दुसरं, ट्रान्झिस्टरचे पाय. सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले तर २एन३९०४ चे पाय डावीकडून एमिटर, बेस, कलेक्टर असे येतात, तर बीसी५४७ चे बरोबर उलटे. एकाच्या जागी दुसरा चालतो, पण फिरवून लावावा लागतो. तिसरं, आयसी सॉकेटमध्ये बसवण्याआधी रिकाम्या सॉकेटवर वीज मोजा. टीएल०७२ च्या ८ नंबरच्या पायावर अधिक १२ आणि ४ नंबरवर उणे १२ दिसले पाहिजेत. तसे दिसले नाहीत तर आयसी बाहेरच बरी.

ट्रिमर खाली ठेवा, कागद घ्या

सूर सरकतो म्हणजे नेमकं काय सरकतं, हे ठरवल्याशिवाय पुढे जाऊ नका. दर वेळी सूर हलला की आपण लगेच तो परत लावतो, आणि लावताना पुरावा पुसून टाकतो.

त्याऐवजी हे करा. सीव्ही इनपुटला, म्हणजे सूर ठरवणारं कंट्रोल व्होल्टेज जिथे आत येतं तिथे, १ व्होल्ट द्या आणि ट्यूनरवर कोणता सूर येतो, तो किती सेंट (सप्तकाचा बाराशेवा हिस्सा) वर किंवा खाली आहे, ते लिहा. मग ४ व्होल्ट द्या आणि तेही लिहा. शेजारी वेळ आणि खोलीचं तापमान टिपा. कुठल्याही ट्रिमरला हात लावू नका, कोर्स (ढोबळ) आणि फाइन (बारीक) नॉबनाही नाही. दिवसातून तीन-चार वेळा अशा नोंदी घ्या. दोन दिवसांत आठ ओळी होतील, आणि त्या आठ ओळी तुम्हाला आठवडाभराच्या पिळापिळीपेक्षा जास्त सांगतील.

एक सावधगिरी. सप्तकात १२०० सेंट, म्हणजे १ सेंट म्हणजे जेमतेम ०.८३ मिलिव्होल्ट. साधा साडेतीन आकडी मल्टिमीटर २० व्होल्टच्या रेंजवर ०.०१ व्होल्टपर्यंतच दाखवतो, म्हणजे १२ सेंट. तुमचा कान आणि ट्यूनर दोघेही मीटरपेक्षा बारीक मोजतात. म्हणून "मीटरवर बरोबर ४.०० आहे" ही साक्ष धरू नका. सीव्हीचा उगम दर वेळी एकच ठेवा, तोच कीबोर्ड, त्याच दोन पट्ट्या, तीच केबल.

आता नोंदी वाचा. पहिला प्रश्न: खालचा आणि वरचा सूर दोघेही सारखेच सरकलेत का? सकाळी दोघेही २० सेंट खाली, दुपारी दोघेही १५ सेंट वर, असं असेल तर दोघांमधलं अंतर शाबूत आहे आणि फक्त सगळी पट्टी हलली आहे. दुसरा: दोघांमधलं अंतरच बदललंय का? सकाळी तीन सप्तकांपेक्षा जास्त, दुपारी कमी? हा वेगळा रोग आहे. तिसरा: फक्त अगदी खालच्या सप्तकात घोळ आणि वर सगळं ठीक? चौथा: फक्त अगदी वर सूर उतरतो, आणि तोही कायम तेवढाच, तापमान काहीही असो? या चार उत्तरांची चार वेगळी कारणं आहेत आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही.

अंतर बदलतं: टेम्पको

माझं हेच होतं, म्हणून यावर जास्त बोलतो.

व्हीसीओच्या पोटात एक्स्पोनेन्शियल कन्व्हर्टर असतो. कानाला सप्तक म्हणजे दुप्पट, म्हणून सारख्या व्होल्टच्या पायऱ्यांपासून दुप्पट-दुप्पट वाढणारा करंट तयार करावा लागतो. हे काम ट्रान्झिस्टरच्या एका अंगभूत गुणावर सोडलेलं असतं: बेस-एमिटरमध्ये सुमारे १८ मिलिव्होल्ट वाढले की करंट दुप्पट होतो. बाहेरून आलेला १ व्होल्ट विभागून याच १८ मिलिव्होल्टपर्यंत खाली आणला जातो.

पण हे १८ मिलिव्होल्ट २७ अंश सेल्सियसच्या आसपासचे. ही पायरी निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात वाढते. २७ अंश सेल्सियस म्हणजे ३०० केल्विन. एक अंश वाढला की पायरी तीनशेव्या हिश्श्याने, म्हणजे ०.३३ टक्क्यांनी मोठी होते. पायरी मोठी झाली आणि येणारं व्होल्टेज तेवढंच राहिलं, की सप्तक आखडतं. १२०० सेंटचे ०.३३ टक्के म्हणजे ४ सेंट. म्हणजे दर अंशाला, दर सप्तकाला ४ सेंट. आठ अंशांचा फरक आणि तीन सप्तकांचं अंतर धरा: ४ × ८ × ३ = ९६ सेंट. जवळजवळ अख्खा सेमीटोन. त्यातही मधला एक सूर जागेवरच राहतो, जिथे कन्व्हर्टरमधल्या ट्रान्झिस्टरच्या जोडीत दोघांमधूनही सारखाच करंट जात असतो तिथला. त्याच्या वरचे सूर तापल्यावर उतरतात, खालचे चढतात. थंडीत उलट. सुरुवातीला सांगितलेलं लक्षण हेच.

यावरचा उपाय म्हणजे टेम्पको रेझिस्टर. त्याची किंमत दर अंशाला ०.३३ टक्क्यांनी, म्हणजे सुमारे ३३०० पीपीएमने (दहा लाखांत ३३०० भाग) वाढते. तो विभाजकात, म्हणजे १ व्होल्ट विभागणाऱ्या रेझिस्टरांत, योग्य जागी बसवला की पायरी वाढते तसं व्होल्टेजही त्याच प्रमाणात वाढतं आणि दोघांची फिट्टंफाट होते.

माझ्या बोर्डावर टेम्पको होता. म्हणजे मला तसं वाटत होतं. सुट्या भागांच्या पुडीत १ किलोओहमचे सात-आठ रेझिस्टर होते, निळसर अंगाचे, आणि त्यांच्यातच टेम्पकोही, तोही १ किलोओहम, तोही निळसर, इकडे-तिकडे फरक केवळ रंगाच्या छटेचा. मी मीटरवर प्रत्येक रेझिस्टर मोजून लावला होता. सगळे १ किलोओहमच भरले. भरणारच, २५ अंशांना टेम्पकोही १ किलोओहमच असतो! अशा चुकीत आवाज येतो, ट्रॅकिंगही, म्हणजे व्होल्टला नेमकं एक सप्तक, जुळतं, बोर्ड कुठेही तक्रार करत नाही. फक्त हवा बदलली की सूर जातो.

तपासायची रीत अगदी सोपी आहे आणि मला ती पहिल्याच दिवशी सुचायला हवी होती. वीज पूर्ण बंद करा, मीटर २ किलोओहमच्या रेंजवर ठेवून प्रोब टेम्पकोच्या दोन पायांवर टेकवा, आणि रेझिस्टरचं अंग दोन बोटांत अर्धा मिनिट धरा. प्रोबचं धातूचं टोक बोटांना लागू देऊ नका. खोली २५ अंशांवर असेल आणि बोटांनी तो ३३ पर्यंत तापला, तर खरा टेम्पको १००० वरून १०२६ च्या आसपास जातो. साधा मेटल फिल्म रेझिस्टर एक ओहमही हलत नाही. बोर्डावर असताना आजूबाजूच्या भागांमुळे आकडा मुळातच कमी दिसू शकतो. आकडा किती आहे ते सोडा, चढतो का तेवढं बघा.

माझा हलला नाही. मग एकेक करून बोर्डावरचे सगळे १ किलोओहम चिमटीत धरले आणि पाचवा चढायला लागला. टेम्पको आउटपुट जॅकच्या आधीच्या रेझिस्टरच्या जागी बसून, कुणी न सांगता, जॅकचं तापमान सांभाळत होता.

काढताना एक ध्यानात ठेवा: साधा रेझिस्टर कापून टाका, टेम्पको वाचवा. साध्याचं अंग कटरने मधोमध कापलं की दोन पाय वेगवेगळे सहज निघतात आणि भोकातला तांब्याचा थर शाबूत राहतो. टेम्पको काढताना दोन्ही पायांवर ताजं सोल्डर चढवा आणि आलटून पालटून तापवत हळूहळू वर ओढा. ओढाताण केली तर बोर्डावरची पट्टी उखडते, आणि मग वायरचं ठिगळ लावत बसावं लागतं.

टेम्पको नुसता योग्य जागी असून भागत नाही. त्याला ट्रान्झिस्टरच्या जोडीचंच तापमान कळलं पाहिजे. बोर्डापासून उंच, हवेत तरंगता ठेवलेला टेम्पको खोलीचं तापमान सांगतो, जोडीचं नाही. तो जोडीवर आडवा टेकवा, मधे थर्मल पेस्टचा ठिपका द्या, वरून हीट-श्रिंकचा (तापवल्यावर आकसणाऱ्या नळीचा) तुकडा घालून आवळा. पायांचा उघडा धातू शेजारच्या भागाला टेकत नाही ना, तेवढं बघा.

सीईएम३३४० ही व्हीसीओची चिप आणि तिच्या नव्या आवृत्त्या वापरणाऱ्या बोर्डांवर बाहेरचा टेम्पको नसतो, कारण तापमानाची भरपाई चिपच्या आतच केलेली आहे. तुमचा बोर्ड त्या जातीचा असेल आणि तरी अंतर हलत असेल, तर स्केल, म्हणजे व्होल्टमागे सप्तकाचं माप, ठरवणारे रेझिस्टर बघा. तिथे १ टक्क्याच्या मेटल फिल्मऐवजी कार्बन फिल्म लागलाय का? कार्बन फिल्मची किंमत तापमानाबरोबर मेटल फिल्मपेक्षा कितीतरी जास्त हलते.

हा त्रास काही आपल्यासारख्या हौशी लोकांपुरता नव्हता. १९७८ च्या प्रॉफेट-५ सिंथेसायझरवर एक ट्यून बटण होतं. ते दाबलं की आतला मायक्रोप्रोसेसर दहाही ऑसिलेटर मोजून त्यांचा हिशोब जुळवून घ्यायचा. त्या काळात स्वतःलाच तापवून एका ठरावीक तापमानावर राहणारी ट्रान्झिस्टरची जोडीही मिळायची, म्यूए७२६ नावाची. म्हणजे एकाने गणित मांडलं, दुसऱ्याने शेगडी पेटवली.

सगळी पट्टी एकत्र हलते

अंतर शाबूत आहे, पण सगळेच सूर सारखे वर-खाली होतात. इथे तीन संशयित आहेत, आणि कधी हलतात त्यावरून ते ओळखू येतात.

पंखा लावला, बोर्डावर फुंकर मारली, हात जवळ नेला की हलतात? मग ट्रान्झिस्टरची जोडी. जोडीतले दोन्ही ट्रान्झिस्टर सारखेच तापले तर एकाची चूक दुसरा खोडतो. पण ते एकमेकांपासून सुटे उभे असतील तर वाऱ्याची झुळूक एकालाच लागते. बेस-एमिटर व्होल्टेज दर अंशाला सुमारे २ मिलिव्होल्टने घटतं. दोघांत एका अंशाचा फरक पडला तर हे २ मिलिव्होल्ट १८ च्या पायरीत नववा हिस्सा, म्हणजे १३० सेंटहून जास्त. अंशाच्या दहाव्या भागानेही १३ सेंट जातात. म्हणून दोघांच्या सपाट बाजू एकमेकींना पेस्टने चिकटवून आवळायच्या. लोक ट्रान्झिस्टर जुळवण्यात दोन-दोन संध्याकाळी घालवतात. माझं मत: एकाच खेपेतले, दोन मिलिव्होल्टच्या आत जुळणारे मिळाले की पुरे, कारण उरलेला कायमचा फरक कोर्स नॉबने भरून निघतो. उरलेला वेळ चिकटवण्यावर घाला. आणि जुळवताना ट्रान्झिस्टर बोटांनी नव्हे, चिमट्याने धरा, नाहीतर तुम्ही स्वतःच्या हाताची ऊब मोजत बसाल. एकाच चिपवर कोरलेली जोडी, म्हणजे एसएसएम२२१२ सारखी, मिळाली तर हा सगळा खटाटोपच वाचतो.

तापमानाबरोबर सावकाश हलतात, पण वाऱ्याने नाही? मग टाइमिंग कपॅसिटर. ऑसिलेटर ज्या कपॅसिटरला भरतो-रिकामा करतो त्याची किंमत एक टक्का बदलली तर सगळे सूर १७ सेंट सरकतात. तिथे एनपी० जातीचा सिरॅमिक, पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिस्टायरीन हवा. एक्स७आर सिरॅमिक दिसायला तसाच असतो, आकडाही तोच छापलेला असतो, पण त्याची किंमत तापमानाच्या पूर्ण पट्ट्यात १५ टक्क्यांपर्यंत हलण्याची मुभा असते. एनपी० ची मुभा अंशाला ३० पीपीएम. एक ताकीद: पॉलिस्टायरीन उष्णतेने लवकर बिघडतो. सोल्डर करताना पाय चिमट्याने धरा म्हणजे ताप चिमट्यात जातो, आणि त्याच्या जवळपास थिनर किंवा अ‍ॅसिटोन नेऊ नका.

तिसरा संशयित मजेदार आहे. सूर हळूहळू सरकत नाही, तर कुठला तरी एलईडी लागला की झपकन पडतो आणि विझला की परत येतो. एलएफओचा (सावकाश डुलणाऱ्या ऑसिलेटरचा) दिवा लुकलुकतोय आणि त्याच तालात व्हीसीओ डुलतोय. ऐकायला छान वाटतं, दोन दिवस मीही ते "अ‍ॅनलॉगचं जिवंतपण" समजून चाललो होतो. पुष्कळ बोर्डांवर वीज आत येते तिथेच १० ओहमचा रेझिस्टर असतो. एलईडीने ५ मिलिअँपिअर ओढले की त्या रेझिस्टरवर ५० मिलिव्होल्ट पडतात आणि बोर्डाची १२ व्होल्टची रेल, म्हणजे पुरवठ्याची पट्टी, तेवढी खाली येते. आता कोर्स नॉबचं एक टोक याच रेलला आणि दुसरं ग्राउंडला असेल, नॉब मध्यावर असेल, तर त्यातले २५ मिलिव्होल्ट थेट सुरात जातात: ३० सेंट. उपाय चढत्या क्रमाने असे. एलईडीचा रेझिस्टर वाढवा. आजचे एलईडी १ मिलिअँपिअरलाही पुरेसे उजळतात. १० ओहमच्या जागी फेराइट बीड लावा. आणि बोर्डावर जागा असेल तर नॉबला रेलऐवजी एलएम४०४० सारख्या १० व्होल्टच्या रेफरन्समधून वीज द्या. तिसरा उपाय केल्यावर पहिल्या दोघांची गरज उरत नाही.

फक्त खालचं सप्तक बिघडतं

दमट हवेत खालचे सूर वेडेवाकडे, कोरड्या हवेत बरे, आणि वरची सप्तकं दोन्ही दिवशी ठणठणीत. हे फ्लक्सचं काम, म्हणजे सोल्डर नीट पसरावं म्हणून वापरलेल्या आणि बोर्डावर चिकट थर होऊन उरलेल्या द्रव्याचं.

हिशोब करून बघा. १ नॅनोफॅरडचा कपॅसिटर, ५ व्होल्टचा झोका, ३२ हर्ट्झचा सूर: करंट फक्त १६० नॅनोअँपिअर. शेजारून १० व्होल्टच्या फरकाने पुरवठ्याची पट्टी जात असेल आणि मधल्या चिकट थराचा रोध १००० मेगओहम असेल, तर १० नॅनोअँपिअर चोरवाटेने येतात किंवा जातात. १६० मधले १० म्हणजे सहा टक्के, म्हणजे सुमारे १०० सेंट. तेच १० नॅनोअँपिअर ४००० हर्ट्झच्या सुरात, जिथे करंट २० मायक्रोअँपिअर असतो, एक सेंटही बिघडवत नाहीत. आणि १००० मेगओहम साध्या मल्टिमीटरला दिसतच नाही, तो "ओपन" दाखवून मोकळा होतो.

म्हणून बोर्ड धुवा. फ्लक्सवर "नो-क्लीन" लिहिलेलं असलं तरी या भागात धुवा, कारण अर्धवट तापलेला नो-क्लीनही गळती करतो. पाण्यात विरघळणारा फ्लक्स वापरला असेल तर धुणं ऐच्छिक नाहीच. ९९ टक्के आयसोप्रॉपिल अल्कोहोल, जुना टूथब्रश, आणि मुख्य म्हणजे घासून झाल्यावर ते घाण अल्कोहोल बोर्डावरून वाहवून टाका. नुसतं घासून वाळू दिलं तर फ्लक्स जातो कुठे? सगळीकडे पातळ पसरतो, एवढंच. मग स्वच्छ अल्कोहोलने दुसरा हात द्या. उघडे पॉट, ट्रिमर आणि जॅक यांच्यात ते शिरू देऊ नका. शक्य तर धुणं हे भाग लावण्याआधीच उरका.

फक्त वरचं टोक उतरतं

हे सरकणं नव्हेच. हे कायमचं असतं. पण ट्रिमर पिळणारे लोक खालचं लावताना वरचं बिघडवतात आणि सूर "टिकत नाही" म्हणतात. सॉ-टूथ ऑसिलेटर दर फेरीत कपॅसिटर रिकामा करायला थोडा वेळ घेतो. तो १ मायक्रोसेकंद धरला तर ५०० हर्ट्झला एक सेंटही जात नाही, पण ५००० हर्ट्झला आठ-नऊ सेंट जातात. त्यासाठी बोर्डावर बहुतेक वेळा वेगळा हाय-फ्रिक्वेन्सी ट्रिम असतो. तो सगळ्यात शेवटी लावायचा. नसेल तर सोडून द्या, तिथे चाल कोण वाजवतंय.

सूर सरकत नाही, उडी मारतो

मग वरचं काहीच नाही, ड्राय सोल्डर आहे. प्लॅस्टिकच्या काडीने एकेक भाग हलका ठोका. जिथे ठोकल्यावर सूर उडतो तिथे ताजा फ्लक्स लावून सांधा पुन्हा तापवा. ग्राउंडचे पाय आधी बघा. ते तांब्याच्या मोठ्या पत्र्याला जोडलेले असतात, ताप शोषून घेतात आणि वरवर चकचकीत दिसणारा सांधा आत कच्चा राहतो. ६३/३७ चं सोल्डर १८३ अंशांना वितळतं, शिसेविरहित २१७ च्या पुढे. शिसेविरहित वापरत असाल तर अशा पायांवर टोक जास्त वेळ ठेवावं लागतं.

बोर्ड निर्दोष असतानाही

एकदा सगळं दुरुस्त केल्यावर दुसरा ऑसिलेटर जोडला आणि पहिला तत्क्षणी उतरला. मी पुन्हा बोर्ड उघडणार होतो. कारण बोर्डात नव्हतंच. सीव्ही पाठवणाऱ्या मॉड्यूलच्या आउटपुटला १ किलोओहम आणि व्हीसीओच्या इनपुटला १०० किलोओहम असेल तर एका व्हीसीओवर व्होल्टेज एक टक्का पडतं, आणि ट्रिम करताना आपण ते नकळत भरून काढलेलं असतं. साध्या मल्टिपलने (एक सिग्नल अनेक जागी वाटणाऱ्या जोडाने) दुसरा व्हीसीओ जोडला की भार दुप्पट होतो आणि आणखी एक टक्का जातो: दर सप्तकाला सुमारे १२ सेंट. ३ व्होल्टवर ३५ सेंट उतरतात. बफर्ड मल्टिपल, म्हणजे भार उगमावर पडू न देणारा, वापरा, किंवा ज्या जोडणीत वाजवणार त्याच जोडणीत ट्रिम करा.

आता ट्रिमर उचला

कारण सापडलं, दुरुस्त झालं, दोन दिवसांच्या नोंदी शांत आल्या की मगच. बोर्ड पेटीत बसवून अर्धा तास चालू ठेवा. १ व्होल्ट द्या, फाइन नॉबने ११० हर्ट्झ लावा. ३ व्होल्ट द्या. ४४० यायला हवेत. जास्त किंवा कमी आले तर स्केल ट्रिमर थोडा फिरवा, परत १ व्होल्टवर येऊन नॉबने ११० करा, पुन्हा ३ व्होल्ट बघा. चूक कमी झाली तर दिशा बरोबर. वाढली तर उलट फिरवा. ट्रिमर फिरवल्यावर खालचा सूरही हलतो, म्हणून एका फेरीत कधीच जमत नाही. पाच-सहा फेऱ्या धरा. टोकाला पोचल्यावर ट्रिमर बारीक टिकटिक करतो. तो टोकाला जाऊनही ४४० येत नसतील तर एखादा रेझिस्टर चुकीचा लागलाय, ट्रिमरला दोष देऊ नका.

पेटीचं झाकण लावलं की आतलं तापमान वेगळं होतं, आणि उघड्यावर लावलेला सूर झाकणाखाली थोडा हलतो. मी झाकणाला स्केल ट्रिमरच्या नेमक्या डोक्यावर एक भोक पाडलंय, स्क्रूड्रायव्हर जाईल एवढंच. माझा बोर्ड अजूनही चालू केल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटं तीन-चार सेंट हलतो, मग थांबतो. तेवढ्यात मी केबली लावून घेतो.